पस्तीस इंची टायरांचं व्याज

गाडी : १९८५ची टोयोटा पिकअप, फोर-बाय-फोर, २२आरई पेट्रोल इंजिन, पाच गिअर. पुढे एकसंध ॲक्सल असलेलं हे शेवटचं वर्ष; ८६पासून अमेरिकेतल्या पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. पाटे बदलून चार इंच उंच केलेली. मुक्काम डेन्व्हरच्या पश्चिमेला, एका गाडीपुरतं गॅरेज.

९ ऑक्टोबर २०२२

काल ब्यूना व्हिस्टाजवळच्या एका खडकाळ ओढ्यात पुढच्या डाव्या चाकाला फिरवणारा जॉइंट गेला. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, लो रेंजचा पहिला गिअर, चाक कपारीत अडकलेलं, आणि मी वरून ॲक्सिलरेटर दाबला. त्याआधी दोनदा 'टक टक' ऐकू आलं होतं. तिसऱ्यांदा सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि गाडी जागीच बसली.

पुढचे दोन्ही हब 'फ्री' करून, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सोडवून, नुसत्या मागच्या चाकांवर बाहेर आलो. इथवर ठीक. खरी भीती नंतर वाटली. परतीच्या वाटेवर केनोशा पास ही खिंड लागते, उंची १०,००० फुटांच्या आसपास. उतारावर तिसऱ्या वळणाला ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं, पाचव्याला जवळजवळ फळीला टेकलं. जळक्या लायनरचा वास. दुसऱ्या गिअरवर टाकून, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत, खाली ग्रँट गावापर्यंत आलो आणि अर्धा तास रस्त्याकडेला बसून राहिलो.

जॉइंट तुटला तर माणूस अडकतो. ब्रेक गेले तर काय होतं ते लिहायला नको.

१५ ऑक्टोबर

मास्टर सिलिंडरचं झाकण उघडलं. आतलं ऑइल टपरीवरच्या चौथ्यांदा उकळलेल्या चहाच्या रंगाचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं. पाणी मुरलं की ती हद्द १४० अंशांवर येते. माझं किती वर्षांचं होतं देव जाणे. गाडी घेतल्यापासून मी तरी बदललेलं नाही, म्हणजे किमान सहा.

पण सगळा दोष ऑइलवर ढकलून चालणार नाही. कागद घेऊन बसलो. मूळ टायर २२५/७५ आर १५, म्हणजे व्यास साधारण २८.३ इंच. माझे ३५ इंच. ब्रेक चाकाच्या मध्याशी धरतो आणि गाडी थांबते रस्त्याशी. मधलं अंतर वाढलं की तोच ब्रेक तेवढा कमी पडतो. २८.३ भागिले ३५ : ब्रेकची पाचवा हिस्सा ताकद मी टायरच्या दुकानातच सोडून आलो होतो. शिवाय न्हाणीघरातल्या काट्यावर जुनं चाक आणि नवं चाक आळीपाळीने ठेवलं. एका चाकामागे १७ किलो जास्त. ते फिरतं वजन, तेही थांबवायचं.

गिअरचं तसंच. ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी, क्राउन-पिनियन, ४.१०ची आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ४.१० फेरे. या टायरांवर ती जुन्या टायरांवरच्या ३.३सारखी वागते. म्हणूनच चढावर क्लच जाळत होतो आणि उतारावर इंजिन गाडी धरत नव्हतं.

टायर २०२०मध्ये हौसेने घेतले. तेव्हा वाटलं होतं, खर्च झाला एकदाचा. तो खर्च नव्हता, कर्ज होतं.

२३ ऑक्टोबर

कराडला काकांना व्हिडिओ कॉल. त्यांची सकाळ, माझी रात्र. काकांनी चाळीस वर्षं जीपगाड्यांचं गॅरेज चालवलं. आता मुलगा बघतो, पण खुर्ची त्यांचीच.

"टायर किती म्हणालास? पस्तीस?" थोडा वेळ नुसतं बघत राहिले. "आरं, मग ट्रॅक्टरच घ्यायचा हुतास की."

तुटलेला जॉइंट कॅमेऱ्यासमोर धरला. आपल्या जुन्या जीपला स्टिअरिंगच्या जागी क्रॉस असतो, टोयोटाला बर्फील्ड. वाटी, आत सहा गोळ्या, मधे दातेरी चांदणी. क्रॉस वळणावर झटके देतो, हा देत नाही. पण चाक पूर्ण वळलेलं असताना सगळा जोर एक-दोन गोळ्यांवर आणि वाटीच्या पातळ काठावर येतो. माझी वाटी तिथेच फुटली आहे, पाडव्याच्या श्रीखंडाची वाटी आपटावी तशी.

"ह्यो जॉइंट मोठा घाल. पण आधी ब्रेक," काका म्हणाले. मी म्हटलं, काका, ॲक्सल उघडणारच आहे, तर सगळं एकदमच करतो. ते हसले. त्यांच्या गॅरेजात असं म्हणून आलेल्या गाड्या दोन-दोन पावसाळे उभ्या राहायच्या.

२० नोव्हेंबर

सामान जमवतोय. ठरलेलं असं : पुढे क्रोमॉली पोलादाचे शाफ्ट आणि जॉइंट. जॉइंटच्या बाजूला मूळ शाफ्टला २७ दाते, नव्याला ३०. पुढे-मागे ५.२९चं क्राउन-पिनियन, त्या हिशेबाने गाडी जुन्या टायरांवरच्या ४.२८सारखी वागेल, म्हणजे मूळपेक्षा थोडी जास्तच जोरकस. एवढ्या उंचीवर इंजिनाला श्वास कमी पडतो, तेव्हा ते बरंच.

क्रम महत्त्वाचा. आधी गिअर बदलून शाफ्ट जुनेच ठेवले असते, तर त्याच शाफ्टवर २९ टक्के जास्त जोर गेला असता. पुढच्याच ओढ्यात परत सुतळी बॉम्ब.

ब्रेकसाठी इथल्या जुन्या टोयोटावाल्यांचा नुसखा वापरतोय : एफजे६० लँडक्रूझरच्या पोकळ डिस्क आणि व्ही-६ फोररनरचे रुंद कॅलिपर (डिस्कला पॅड दाबून धरणारे चिमटे). मूळ डिस्क भरीव, साडेबारा मिमी जाडीची. नवी २० मिमी, मधे हवा खेळायला फटी. बाहेरचं काही घडवून आणावं लागत नाही, एका टोयोटाचं दुसऱ्या टोयोटाला बसतं. हीच या गाडीची मजा.

मागे डिस्क घालायची का, यावर आठवडा घालवला. घालत नाही. ड्रममध्ये चिखल-पाणी जातं हे खरं, पण हँडब्रेक ड्रमचाच चांगला. उतारावर गाडी उभी करून दगड रचायला उतरावं लागतं, तेव्हा मला हँडब्रेक हवा. कोयनेच्या खोऱ्यात पावसात ओढा ओलांडला की काका पेडलवर नुसता पाय टेकवून शंभर-दोनशे मीटर गाडी चालवायचे, ड्रम सुकवायला. त्यांच्या जीपला चारही चाकांना ड्रम. मलाही ते जमेल.

१४ जानेवारी २०२३

थंडी उणे बारा. गॅरेजात हीटर लावून पुढचा ॲक्सल उघडायला घेतला.

हबवर सहा नट, आणि प्रत्येकाखाली शंकूच्या आकाराची चिरलेली वॉशर. नट निघतो, शंकू निघत नाही. स्टडला घट्ट मिठी मारून बसतो. पकडीने ओढू नये. नट दोन आटे परत लावायचा आणि बाजूला पितळेच्या हातोडीने झटका द्यायचा, शंकू आपणहून उडी मारतो. चार निघाले, दोन तासभर छळत होते. त्याच्या आतल्या नटांना ५४ मिमीचा सॉकेट लागतो. तो नसल्यामुळे आधीच्या मालकाने छिन्नीने ठोकून नट फिरवलेले दिसतात. नटांच्या कडा कुरतडलेल्या.

नकल, म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा चाकाबरोबर वळणारा, जॉइंट आत असलेला डबा, उघडल्यावर आत ग्रीस असायला हवं होतं. होतं राखाडी, पातळ, लिबलिबीत पिठलं. आतलं ऑइल सील गेलं की डिफरेन्शियलचं ऑइल ग्रीसमध्ये येतं आणि असं होतं. जॉइंट तुटायला माझा पाय जबाबदार, पण पिठल्याचाही हात असणार. दोन रोल कागद आणि तीन डबे रॉकेलसदृश द्रावण खर्ची पडलं. कपडे थेट कचऱ्यात.

१५ जानेवारी

नकलच्या वरच्या-खालच्या बेअरिंगमध्ये खाचा पडलेल्या. स्टिअरिंग मधोमध आलं की 'खट्' करून अडकायचं ते याचमुळे! मी दोन वर्षं स्टिअरिंग बॉक्सला शिव्या देत होतो.

शिम्स, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्या, चार जागच्या चार वेगळ्या बाटल्यांत, लोणच्याच्या. वर-डावी, वर-उजवी, खाली-डावी, खाली-उजवी. एका बाटलीत तेल राहिलं होतं, ती शिम आता मोहरीच्या वासाची आहे.

४ फेब्रुवारी

नवे बेअरिंग, नवी सील, नवे शाफ्ट. नकल किती घट्ट फिरावी हे स्प्रिंगच्या काट्याने ओढून मोजतात. तसा काटा घरी नव्हता, मग भारतात जाताना बॅगा मोजायचा काटा आणला. २३ किलोच्या बॅगेसाठी घेतलेला. नकल चार किलोवर हलली. मॅन्युअलच्या मर्यादेत. दुसरी बाजू सहज हलत होती, एक पातळ शिम काढावी लागली.

सील बसवताना पहिलं तिरकं गेलं. दुसरं मागवलं. तीन आठवडे गाडी स्टँडवर.

११ मार्च

क्राउन-पिनियन. पुढचं जमवून आलेलं घेतलं, मागचं मी स्वतः बसवायचं ठरवलं. आठ इंची टोयोटाचा गाभा, म्हणजे गिअरांसकट डिफरेन्शियल, पूर्ण बाहेर निघतो, टेबलावर ठेवून काम करता येतं. गाडीखाली पडून करण्यासारखं हे काम नव्हेच.

पिनियनच्या डोक्याखाली शिम घालून ते क्राउनच्या किती जवळ जाईल हे ठरतं. दात्यांना पिवळा रंग लावायचा, फिरवायचं, आणि रंग कुठे पुसला ते वाचायचं. काका म्हणे शेंदूर तेलात कालवून लावायचे. पहिला ठसा दात्याच्या वरच्या काठाशी : पिनियन लांब आहे. ०.१ मिमीची शिम वाढवली. दुसरा ठसा पार मुळाशी : आता फार जवळ. दर वेळी बेअरिंग प्रेसवर चढवा, उतरवा. तिसऱ्या वेळी शहाणपण सुचलं. जुन्या बेअरिंगचं आतलं भोक घासून सैल केलं, म्हणजे ते हाताने निघतं. खरं बेअरिंग शेवटी चढवायचं.

१२ मार्च

चौथा ठसा मधोमध. बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, डायल गेजवर ०.१५ मिमी, ०.१३ ते ०.१८ हवा. या ॲक्सलला तो बाजूच्या आट्यांच्या कड्या फिरवून जुळवता येतो, तिथे शिमा लागत नाहीत. जपानच्या त्या कोण्या इंजिनिअरला मनोमन नमस्कार.

काकांना फोटो पाठवला. त्यांनी मोठा करून बघितला, दोन मिनिटं गप्प. मग : "बरा हाय." कराडात याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

एक लिहून ठेवतो, नंतर कुणाला प्रश्न पडेल. या पिकअपला पुढे आणि मागे एकच गाभा चालतो. म्हणून पुढच्या ॲक्सलमध्ये, गाडी पुढे जाताना, दात्याच्या उलट्या बाजूवर जोर येतो, आणि ती बाजू मुळात कमी ताकदीची. पुढचे गिअर जपून वापरायचे ते याच कारणाने.

१ एप्रिल

भंगार यार्डातून व्ही-६ फोररनरचा दुहेरी पडद्याचा बूस्टर (पेडलवरच्या पायाच्या जोरात भर घालणारा) आणि १ इंचाचा मास्टर सिलिंडर. माझ्या जुन्यावर ७/८ कोरलेलं होतं. ऐकायला आठवा भाग इंच, पण क्षेत्रफळात ३० टक्के वाढ. नव्या कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना जास्त ऑइल लागतं. जुन्या सिलिंडरने पेडल खोल गेलं असतं. उलट सिलिंडर मोठा झाला की पायाला जोर जास्त लावावा लागतो. म्हणून बूस्टरही मोठा हवा. एकाला हात लावला की दुसरं हलतं.

बूस्टरचं इथे आणखी एक आहे. तो चालतो बाहेरची हवा आणि इंजिनातली पोकळी यांच्या फरकावर. रेड कोन या इथल्या डोंगरी वाटेच्या माथ्यावर, १२,८०० फुटांवर, बाहेरच्या हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या ६२-६३ टक्के. म्हणजे जिथे उतार सगळ्यात वाईट, तिथेच मदत सगळ्यात कमी. आणि उतारावर इंजिन बंद पडलं तर दोन-तीन दाबांत उरलेलीही संपते.

२२ एप्रिल

आज काहीच झालं नाही. म्हणजे दिवसभर झालं, हाती काही आलं नाही.

कॅलिपर बसवले, पाइप जोडले, हवा काढायला घेतली. बायको पेडलवर. "दाब... धर... सोड." हे दीडशे वेळा. डॉट ४चे दोन डबे संपले. पेडल दुधावरच्या सायीसारखं. मास्टर सिलिंडर परत काढून टेबलावर हवा काढली, परत जोडला. "दाब. धर." "अरे, मी गेला तासभर धरूनच बसलेय!" संध्याकाळी ती पेडलवर पाय ठेवून पुस्तक वाचत होती.

रात्री काका. मी कॅमेरा चाकापाशी नेला.

"निप्पल कुटं हाय?"

"हे काय, खाली."

"आन् हवा कुटं जाती, वर का खाली?"

मी काहीच बोललो नाही. रंग देताना डावा-उजवा कॅलिपर माझ्याकडूनच बदलला होता. दोन्ही कॅलिपर दोन्ही बाजूंना बसतात, फक्त हवा काढायचं निप्पल खाली येतं आणि हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसून राहते. पाइप थोडा वाकवून बसवावा लागला होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. मागून काकूंचं हसणं ऐकू आलं.

२३ एप्रिल

अदलाबदल. वीस मिनिटांत पेडल दगडासारखं. बायकोला बाहेर जेवायला नेलं.

१३ मे

मागचे ड्रम. सगळ्यात स्वस्त काम, आणि माझ्या मते फरक सगळ्यात मोठा.

या गाडीत मागच्या ब्रेकची झीज हँडब्रेक भरून काढतो. हँडब्रेक ओढला की बॅकप्लेटवरची एक छोटी वाकडी दांडी शू पसरवते आणि ॲडजस्टर एकेक दाता पुढे सरकतो. ती दांडी गंजून अडकली की हँडब्रेकही मेला आणि ॲडजस्टमेंटही. माझ्या दोन्ही अडकलेल्या! म्हणजे कित्येक वर्षं मागची चाकं जवळपास नावालाच ब्रेक मारत होती, आणि सगळा भार पुढच्या त्या भरीव डिस्कवर. केनोशाचा अर्धा उलगडा इथे झाला.

गरम करून, तेल पाजून, पिन ठोकून काढल्या. घासल्या, ग्रीस, नवे रबर. खर्च जेवणाच्या बिलापेक्षा कमी.

दुसरं : मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या व्हॉल्व्हकडे एक दांडी जाते. हौद्यात माल भरला की चासी खाली बसते, दांडी वर ढकलली जाते, व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकामी गाडी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं घसरू नयेत. मी गाडी चार इंच उचलली. व्हॉल्व्हला वाटतं, हौदा रिकामा आहे, रिकाम्याहून रिकामा. ॲक्सलवरचा कंस तेवढाच उंच केला. हे उचलतानाच करायचं असतं. मी तीन वर्षं उशिरा केलं.

२० मे

चाकं लावली. उजवं पुढचं फिरवलं तर 'चर्र चर्र'. रिमच्या आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन रुंद कॅलिपरला घासतंय. वजन सरकवून परत बॅलन्स. एवढंच.

३ ते १८ जून

गिअर रुळवणं. पहिल्यांदा वीस मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ दिली, असं तीनदा. मग ५०० मैल ओझं नाही, घाई नाही. ब्रेक पॅडही रुळवले : मोकळ्या रस्त्यावर ५० किमीवरून १५वर, पूर्ण न थांबता, दहा वेळा. दोन्हीकडचं ८०डब्ल्यू-९० ऑइल काढलं. चुंबकावर बारीक पीठ, कण नाही.

२५ जून

केनोशा. तोच उतार, तीच वळणं, मुद्दाम तिसऱ्या गिअरवर आणि हौद्यात वाळूच्या सहा पिशव्या. ग्रँटला थांबून लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर लावला : पुढच्या डिस्क १९० अंश, दोन्हींत सातचा फरक. मागचे ड्रम ११५. ड्रम गरम झाले याचा एवढा आनंद कधी होईल असं वाटलं नव्हतं. पेडल वरच.

२२ जुलै

रेड कोन. बर्फ वितळून वाट नुकतीच मोकळी झालीय. माथ्यापलीकडचा उतार एकेरी वाहतुकीचा. एकदा उतरायला लागलं की परतायला वाट नाही, वेबस्टर पासकडे समोरूनच उतरायचं. सुट्या चुरीची घसरण, दोन्ही बाजूंना आभाळ.

माथ्यावर दहा मिनिटं थांबलो. हवा पातळ, हात गार, बायको शांत. लो रेंज, पहिला गिअर, पाय दोन्ही पेडलांवरून बाजूला. इंजिनाने गाडी धरली. ५.२९चा सगळा पैसा त्या पहिल्या शंभर मीटरमध्ये वसूल झाला. अशा उतारावर ब्रेक जोरात दाबायचा नसतो. चाकं अडकली की गाडी चुरीवरून होडीसारखी चालू लागते. तीनदा फक्त टेकवला, चारही चाकांनी सारखं धरलं. मधे एकदा मागचं टोक डावीकडे सरकायला लागलं, तेव्हा ब्रेक सोडून किंचित ॲक्सिलरेटर द्यायचा होता. दिला. सरळ झाली.

मॉन्टेझुमाच्या बाजूने खाली आलो, तिथून कीस्टोन आणि लव्हलँड पासवरून घरी. तिथला डांबरी उतार आता किरकोळ वाटला.

२३ जुलै

गाडी धुतली, खाली शिरलो. जॉइंट कोरडे, सील कोरडी. पुढची दोन चाकं जोडणारा टाय रॉड मधोमध केळ्यासारखा वाकलाय. वर चढताना कुठेतरी दगडावर बसला असणार. पूर्वी असा दगड आला की जॉइंटच्या भीतीने मी मागे फिरायचो.

फोटो काकांना पाठवला. उत्तर आलंय : "जाड पाइपचा कर. पस्तीसचा हप्ता आला."